कडता कापून टोकियो

धाराशिवात गाव सोडून चार दिवस कुठं जायचं असेल तर कारण द्यावं लागतं. मान्य कारणं मोजकीच आहेत : दवाखाना, कोर्टाची तारीख, सोयरीक, दहावा आणि पोराची ॲडमिशन. यांपैकी एक सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि वाट सोडतो. तुळजापूरला चाललो म्हटलं तर तेही विचारत नाही, उलट ‘माझ्या नावानं बी एक नारळ फोडा’ म्हणून खिशात पैसे कोंबतो. पण नुसतं ‘फिरायला चाललोय’ म्हणणाऱ्याकडं गाव संशयानं बघतं. एकतर याची नोकरी गेली, नाहीतर याला लॉटरी लागली. आणि जे काही झालंय ते हा लपवतोय.

मी तर टोकियोला चाललो होतो.

ही कल्पना पुण्याच्या भाच्याची. “मामा, तिकीट मातीमोल भावात मिळतंय. सुट्ट्या जोडा आणि मामीला घेऊन जाऊन या. हल्ली लोक असंच करतात. एक शहर धरायचं, तीन-चार दिवसांत उरकायचं आणि परत.” उरकायचं म्हटल्यावर मला धीर आला. आमच्या घराण्यात साखरपुड्यापासून श्राद्धापर्यंत सगळं उरकायचीच रीत आहे. शिवाय माझी किरकोळ रजा शिल्लक होती, आणि वाया जाणारी किरकोळ रजा सरकारी नोकराला रात्री झोपू देत नाही.

बातमी मी दाढी करताना फक्त न्हाव्याला सांगितली. संध्याकाळी दूध घालायला आलेला गवळी म्हणाला, “जपानला जायलाव म्हणं.”

“हो.”

“किती दिस?”

“चार.”

“जाऊन-येऊन?”

“जाऊन-येऊन.”

त्यानं चरवी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराकडं बघत हळूच विचारलं, “घरी काही झालंय का?”

त्याचंही बरोबरच होतं. आमच्याकडं बार्शीहून पाहुणा आला तरी दोन मुक्काम करतो. पहिल्या दिवशी तो दमलेला असतो, दुसऱ्या दिवशी निघू दिला जात नाही. साडेसहा हजार किलोमीटर जायचं आणि चौथ्या दिवशी तोंड फिरवून परत यायचं, हे रागाच्या भरातच घडू शकतं, अशी एकूण समजूत.

मग मार्गदर्शक सुरू झाले. गल्लीत जपानला गेलेलं कुणी नाही, त्यामुळं सांगायला कुणालाच अडचण नव्हती. एकानं भूकंप झाला तर कॉटखाली कसं शिरायचं याचं आमच्या दिवाणखान्यात प्रात्यक्षिक दिलं. त्याला बाहेर काढायला दोघं लागले. निवृत्त गुरुजींनी पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ आणून दिलं. “वाटाड्या करू नकोस, यात सगळं आहे.” पुस्तक 1963 चं. मी म्हणालो, “गुरुजी, तेव्हा त्यांची बुलेट ट्रेनसुद्धा सुरू व्हायची होती, ती 1964 ला आली.” गुरुजी म्हणाले, “मग तेवढी सोडून बाकीचं बघ.”

त्यानंतर ऑर्डरी. कुणाला असली घड्याळ, कुणाला जपानी पोलादाचं खुरपं. आणि आमचे चुलते, अण्णा. अण्णांची सोयाबीन. हमीभाव 4,892 रुपये असलेल्या वर्षी चार हजारांच्या आसपास विकावी लागली, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

“तिकडं सोयाबीन लई खातेत म्हणं.”

“खातात, अण्णा.”

“मग भाव काढून ये.”

“अण्णा, मी फिरायला चाललोय.”

“मग फिरता फिरता काढ. बसून काढ म्हणालो का मी?”

व्हिसाच्या कागदपत्रांनी वेगळीच मजा आणली. पासपोर्टवर जन्मस्थान उस्मानाबाद, आधारवर पत्ता धाराशिव. एजंटाकडचा पोरगा फोनवर म्हणाला, “काका, जन्म एका जिल्ह्यातला आणि राहता दुसऱ्या जिल्ह्यात, असं आहे का?”

“नाही रे. जिल्हा जागेवरच आहे, 2023 ला नाव बदललं.”

“मग जुन्या जिल्ह्याचं काय केलं?”

जपानी लोकांना मुक्कामातल्या प्रत्येक दिवसाचा कार्यक्रम आधी लिहून द्यावा लागतो. तो वाचून बायको थक्क झाली. “तिथं गेल्यावर काय करणार, ते इथूनच कसं सांगायचं? सकाळी उठून बघू की.” हे उत्तर रकान्यात बसेना, म्हणून मी रोज एक देऊळ लिहून टाकलं. देवळाला कुणी हरकत घेत नाही. नावाच्या गोंधळाबद्दल मात्र जपान्यांनी चकार शब्द काढला नाही. का ते तिकडं गेल्यावर कळलं. टोकियोचं नाव 1868 पर्यंत एदो होतं. त्यांच्याही कुणाच्या पणजोबानं एखाद्या खिडकीसमोर उभं राहून ‘एदो आणि टोकियो हे एकच असून त्याबाबत माझी तक्रार नाही’ असं लिहून दिलेलं असणार.

सामानाची मर्यादा माणशी तेवीस किलो. बायकोनं एक बॅग कपड्यांची केली आणि दुसरी खाण्याची. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, धपाटे आणि ‘कुणाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं’ म्हणून कुंथलगिरीचे पेढे. टोकियोत आमचं कुणीच नव्हतं, पण ही अडचण तिला मोठी वाटली नाही. खाण्याची बॅग मी मोंढ्यात नेली. तिथं माझा मित्र आडत दुकान चालवतो, त्याच्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यानं बॅग काट्यावर टाकली, आकड्याकडं नजर टाकली आणि म्हणाला, “तेवीस. बिनघोर जा.”

मुंबईच्या विमानतळावर तीच बॅग साडेचोवीस भरली. मी मोंढ्यात फोन लावला. मित्र शांतपणे म्हणाला, “माल साडेचोवीसच होता. दीड किलो कडता धरला मी. सवय आहे, बाबा.”

काउंटरवरच्या मुलीला मी सांगून पाहिलं की आमच्याकडं कडता कापतात. तिनं जादा वजनाचा दर सांगितला. तो ऐकून बायकोनं तिथंच फरशीवर बॅग उघडली. मागं रांगेत सूटबुटातले लोक, आणि मधोमध आमचा संसार. दीड किलो भाकरी हातातल्या पिशवीत गेल्या. पुढं सुरक्षा तपासणीत यंत्राच्या पडद्यावर एकावर एक रचलेल्या गोल चकत्या दिसल्या आणि पट्टा थांबला.

“ये क्या है?”

“भाकरी.”

जवानानं एक भाकरी उचलली आणि बोटानं वाजवली. टणत्कार झाला. त्यानं साहेबांना बोलावलं. साहेबांनीही वाजवली. “तोडके दिखाओ.” मी मोडली. त्या आवाजानं शेजारच्या रांगेतलं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. आम्हाला सोडलं, ते बहुधा मुलाला गप्प करण्यासाठी.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्या धाराशिवला धावपट्टी आहे, पण तिच्यावर प्रवासी विमान उतरत नाही, त्यामुळं जगात कुठंही जायचं तर आधी मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. रात्रीच्या रेल्वेनं धाराशिवहून मुंबईला जायला साधारण जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात विमान दिल्लीहून टोकियोला पोचतं. विमानातला फरक एवढाच की कुर्डुवाडीला चहा मिळत नाही. उतरवतात नारिता नावाच्या ठिकाणी. तिथून शहर साठ किलोमीटर. म्हणजे आपल्याला सोलापूरला उतरवायचं आणि ‘आलं धाराशिव’ म्हणायचं.

हॉटेलची खोली एवढी की एकानं बॅग उघडली की दुसऱ्यानं पलंगावर पाय घेऊन बसायचं. न्हाणीघर मात्र बघण्यासारखं. संडासच्या भांड्याशेजारी बटणांची पाटी, सगळं जपानीत. आपल्याकडं एवढी बटणं ट्रॅक्टरला नसतात. 1980 पासून ते लोक हे पाण्याच्या फवाऱ्याचं भांडं वापरतात, हे मला वाचून माहीत होतं, आणि पाण्याच्या बाबतीत जपानी माणूस आपलाच निघाला याचा आनंदही झाला होता. पण कुठलं बटण कशाचं, ते वाचून कळत नव्हतं. मी एक दाबलं. बैठक गरम व्हायला लागली. दुसरं दाबलं. आतून एक नळी सावकाश बाहेर आली, माझ्याकडं बघितल्यासारखं केलं आणि नेम धरला. मी बाजूला झालो. समोरचा आरसा धुऊन निघाला. घाबरून तिसरं दाबलं, तर खळखळ, खळखळ पाण्याचा मोठा आवाज.

बाहेरून बायको ओरडली, “अहो, नळ आलाय का? बादली लावा!”

“पाणी नाही गं. नुसता आवाज आहे.”

“म्हणजे?”

म्हणजे असं की तिकडं बायकांना आपला आवाज बाहेर जायला नको असतो. तो झाकण्यासाठी त्या पुन्हा पुन्हा पाणी सोडायच्या आणि पाणी वाया जायचं. मग तिथल्या शहाण्यांनी पाण्याचा नुसता आवाज काढणारं यंत्र बसवलं. हे ऐकून बायको म्हणाली, “त्यात काय एवढं? आपला नळ बी नुसता आवाजच काढतो. त्याला मशीन लागत नाही.” दुष्काळी भागातल्या बाईला जपानी तंत्रज्ञानाचं कौतुक सांगू नये.

दुसऱ्या दिवशी यामानोते नावाच्या लोकलमध्ये बसलो. ती शहराभोवती गोल फिरते. तीस स्टेशनं आणि तासाभरात पुन्हा पहिल्या जागी. डबा थंडगार, सगळे चिडीचूप, फोनवर कुणी बोलत नाही. मला झोप लागली. जाग आली तेव्हा पाटीवर आम्ही चढलो होतो त्याच स्टेशनाचं नाव. बायको म्हणाली, “गाडी हललीच नाही का?” मी म्हणालो, “प्रदक्षिणा झाली.” तिनं हात जोडले. तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल आला आणि अख्ख्या डब्यानं ऐकलं : “काढला का रं भाव?”

त्यांच्या वेळेच्या काटेकोरपणाबद्दल ऐकून होतो, पण एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथली एक गाडी, त्सुकुबा एक्स्प्रेस, वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली, म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली. वीस सेकंद! आमच्या एस.टी.त तेवढा वेळ तर कंडक्टरला ‘सरका पुढं’ म्हणायला लागतो. हे मी अण्णांना सांगितलं. अण्णा बार्शी लाइटवर वाढलेले. ती 1897 साली सुरू झालेली अरुंद रुळांची गाडी कशी चालायची, ते अण्णा असं सांगतात : पुढच्या डब्यातून उतरायचं, शेतातली चार ढाळं उपटायची आणि मागच्या डब्यात चढायचं. अण्णा म्हणाले, “वीस सेकंद आधी सुटली, तर माणसं पळून धरतेत की. त्यात माफी कशाची?”

शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या वर बाहेर पडायच्या वाटा आहेत. आम्ही त्यांतल्या बऱ्याच बघितल्या.

रोज एक देऊळ लिहून दिलं होतं, त्यामुळं आसाकुसाचं सेन्सोजी बघणं भाग होतं. दोन कोळी भावांना सुमिदा नदीत जाळ्यात कान्नोनची मूर्ती सापडली, तेव्हापासूनचं हे देऊळ; ते साल 628 मानतात. कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर, तिकडं जाऊन देवी झालेला. हे मी बायकोला सांगितल्यावर तिला माहेरी आल्यासारखं वाटलं. मोठ्या लाल कंदिलाखालून आत गेलो, तर समोर धुपाची भलीथोरली कढई. लोक धूर ओंजळीनं ओढून अंगावर घेत होते. ज्या जागी दुखतं तिथं लावायचा. बायकोनं माझे दोन्ही गुडघे कढईपुढं धरायला लावले. एका जपानी आजीनं मला मागून आधार दिला.

पुढं शंभर येन पेटीत टाकायचे, एक डबा हलवायचा, त्यातून काडी पडते, काडीवरच्या आकड्याचा खण उघडायचा आणि आतलं भविष्य वाचायचं. माझ्या कागदावर इंग्रजीतही लिहिलेलं होतं. नशीब वाईट. आजार बरा व्हायला वेळ लागेल. हरवलेली वस्तू सापडणार नाही. प्रवास करू नये.

“आता?” मी म्हणालो. “परतीचं तिकीट काढलेलं आहे.”

शेजारी तारांची चौकट होती. वाईट भविष्य तिथं बांधून ठेवून जायचं, असा त्यांचा रिवाज. मी बांधलं. बायकोनं पुन्हा शंभर येन टाकले. “देव पहिल्यांदाच खरं सांगतो असं थोडंच आहे?” दुसरं भविष्यही वाईट. तेही बांधलं. चांगलं येईपर्यंत तिनं मला डबा सोडू दिला नाही. मागं रांग वाढत होती आणि लोक माझ्याकडं फार सहानुभूतीनं बघत होते. शेवटी एकदाचं ‘थोडं बरं’ असं निघालं. ते तिनं पदराच्या गाठीला बांधलं आणि म्हणाली, “चला, एवढ्यावर भागवू.”

खाण्याचा प्रश्न बिकट होता. मंगळवार-शुक्रवार देवीचे, आणि बाकीच्या दिवशी ‘काय घातलंय ते कळत नाही’ हे कारण. भाजीचं सूप म्हणून मागवलेल्यात माशाचा अर्क. मासा दिसत नाही, पण असतो. तिकडं त्याला दाशी म्हणतात आणि ती नसलेलं सूप सापडणं अवघड. वाढणारी मुलगी एवढी अजिजीनं वाकून माफी मागायची, की बायकोच तिला समजवायला लागायची, “अगं पोरी, तुझा काय दोष?” आणि मग आम्ही खोलीवर जाऊन भाकरी मोडायचो. शेजारच्या खोलीतून एकदा भिंतीवर हलकी टकटक झाली. त्यांना सुतारकाम वाटलं असावं.

अखेर कुणीतरी सांगितलं की निशी-कासाई भागात भारतीय लोक पुष्कळ आहेत. टोकियोचं टोकियोपण सोडून आम्ही धावत तिकडं गेलो. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. याच वॉर्डाच्या सभागृहावर 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते, हे मी बायकोला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. त्या नुसत्या आवाजाच्या नळाचं कुणाला तरी सांगता येईल.”

किराणा दुकानात तुरीची डाळ न्याहाळत उभा असलेला एक तरुण मराठीत बोलला. आयटीतला, मूळचा बारामतीकडचा.

“काका, कुठले तुम्ही?”

“धाराशिव. म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद.”

त्याचा चेहरा उजळला. “उस्मानाबादी! म्हणजे शेळी!”

मी काही बोललो नाही.

“आमच्या चुलत्याकडं आहेत ना. काळ्याभोर. जुळी देतात. लई काटक जात, काका.”

जानेवारी 2020 मध्ये आमच्या गावी त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं होतं. गावाबाहेर धाराशिवची लेणी आहेत. नळदुर्गाचा पाणीमहाल आहे, तेरचं प्राचीन नगर आहे. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, “हो, पण शेळी एक नंबर.” बायकोनं त्याला कुंथलगिरीचे सगळे पेढे देऊन टाकले. एवढ्या लांबून आणल्याचं सार्थक झालं असं ती म्हणाली. माझ्या वाट्याला एकही आला नाही.

शेवटच्या संध्याकाळी एका छोट्या खानावळीत बसलो. मी चित्रावर बोट ठेवून सगळ्यांत हिरवं दिसलं ते मागवलं. वाडग्यातून वाफाळत्या शेंगा आल्या. लव असलेल्या, मीठ लावलेल्या, दोन-तीन दाण्यांच्या. बायकोनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. ही सोयाबीन होती. हिरवी, कोवळी, उकडलेली. या अवस्थेत आमच्याकडं ती फक्त हरणं खातात आणि अळी खाते. आम्ही भुईमुगाच्या शेंगा उकडतो, हुरडा भाजतो, पण सोयाबीन तोंडात टाकायची नसते, मोंढ्यात टाकायची असते. मी एक शेंग दातात धरून ओढली. दाणा सुटून जिभेवर आला. गोडसर होता. आयुष्यभर अण्णांच्या शेताच्या बांधावरून ये-जा केली आणि ही चव टोकियोत कळावी!

पण लगेच कर्तव्याची आठवण झाली. वाडग्याचे 380 येन. शेंगा फार तर दीडशे ग्रॅम. मी कागदी रुमालावर गणित मांडलं, बायकोनं तपासलं, तरी खरं वाटेना म्हणून पुन्हा मांडलं. मग अण्णांना फोन लावला. टोकियोत रात्रीचे आठ, गावाकडं दुपारचे साडेचार. अण्णा मोंढ्यातच होते, आडतीवर.

“अण्णा, भाव काढला. किलोला साडेचौदाशेच्या आसपास.”

“किलोला?”

“क्विंटलला दीड लाखाच्या घरात जातो.”

फोन स्पीकरवर गेल्याचं कळलं, कारण मागं एकदम दहा माणसं बोलायला लागली. कुणी म्हणालं, थापा मारतोय. कुणी म्हणालं, गाडी भरा. अण्णांनी सगळ्यांना गप्प केलं.

“टरफलासगट का?”

“टरफलासगट.”

“कडता?”

“नाही, अण्णा. कडता कुणी कापत नाही इथं.”

“अन् ओलावा किती धरतेत?”

आमच्याकडं ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो, नाहीतर माल परत येतो, हे मलाही ठाऊक आहे. मी म्हणालो, “अण्णा, ओल्या शेंगा आहेत. झाडावरून तोडलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. नुसता ओलावाच आहे.”

तिकडून आडत्या मित्राचा आवाज आला. त्यानं फोन अण्णांच्या हातातून घेतला असावा.

“सोडून दे मग,” तो म्हणाला. “असला माल आपल्याकडं काट्यावर घेत नाहीत. त्यांना म्हणावं, चार दिवस ऊन दाखवा अन् मग आणा, भावाचं बघू.”